वारणेची छोटी डिश आणि आर्वीची मोठी डिश

ऊस कारखान्याला गेला की शेतकऱ्याच्या मनात तीन प्रश्न उरतात. वजन किती भरले, बिल कधी निघणार आणि खताची उधारी किती कापली जाणार. वारणा खोऱ्यातल्या शेतकऱ्याला या प्रश्नांची उत्तरे हवी असली, की एकेकाळी वारणानगरची वाट धरावी लागे. एसटीचे भाडे, बुडालेला दिवस आणि खिडकीवर पोचल्यावर ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर ठरलेले. लागणीची नोंद झाली की नाही, तोड कधी मिळणार, याचा थांगपत्ता गावातल्या चिटबॉयला असला तर असला.

पन्हाळा तालुक्यातील हे वारणानगर साखर, दूध आणि बाल वाद्यवृंदासाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या या गावाचे नाव १९९८ मध्ये मात्र एका वेगळ्याच कारणाने दिल्लीच्या फायलींत शिरले. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाने देशातील पहिल्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पासाठी वारणेची निवड केली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारायची, ती कारखान्याशी जोडायची आणि शेतकऱ्याचा हिशेब त्याच्या गावातच त्याच्या हाती द्यायचा, अशी ही योजना होती. निम्मा खर्च केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणा समूहाचा. तांत्रिक बाजू नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरने म्हणजे ‘एनआयसी’ने सांभाळायची होती.

प्रकल्पाच्या नावात ‘वायर’ होती, पण योजनेचा मोठा भार बिनतारी साधनांवर होता. वारणानगर बाहेरच्या जगाशी जोडण्यासाठी व्हीसॅटचा आधार धरण्यात आला होता. व्हीसॅट म्हणजे व्हेरी स्मॉल अपर्चर टर्मिनल. मराठीत सांगायचे तर अगदी छोट्या तोंडाचे उपग्रह केंद्र. गच्चीवर मावेल अशी डिश, खाली खोलीत एक पेटी आणि तिला जोडलेला संगणक. ‘एनआयसी’ने अशाच डिशच्या साह्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून देशभरातील जिल्ह्यांची ठिकाणे दिल्लीशी जोडायला घेतली होती.

आता या नावातील ‘अगदी छोट्या’ या शब्दांपाशी थोडे थांबायला हवे. माणसाच्या उंचीएवढ्या, १.८ मीटर व्यासाच्या डिशला अगदी छोटी म्हणायचे कारण काय? कारण ज्या अभियंत्यांनी हे नाव रूढ केले, त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळेच माप होते. ते माप प्रत्यक्ष पाहायचे तर वारणा खोऱ्यातून पुण्याच्याही पुढे, नाशिकच्या रस्त्याने नारायणगावपर्यंत जावे लागते. जुन्नर तालुक्यातील आर्वी हे ते गाव. (वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असलेली आर्वी ती वेगळी. नावाच्या सारखेपणामुळे अनेकांची गफलत होते.) भारताचे पहिले व्यापारी उपग्रह दळणवळण केंद्र १९७१ मध्ये या आर्वीत सुरू झाले. विक्रम पृथ्वी केंद्र या नावाने ते ओळखले जाते. तिथल्या डिशचा व्यास होता जवळपास ३० मीटर. दहा मजली इमारत आडवी केली तर जेवढी होईल तेवढा. वारणेसारख्या व्हीसॅटशी तुलना केली, तर आर्वीच्या डिशचे क्षेत्रफळ सुमारे पावणेतीनशे पट भरते.

एवढी मोठी डिश कशासाठी?

याचे उत्तर जमिनीवर नाही, आकाशात आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतो. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळल्यासारखा भासतो. असे तीन उपग्रह जगाला जोडू शकतील, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात मांडली. वीस वर्षांत ती खरी झाली. अनेक देशांनी मिळून १९६४ मध्ये ‘इंटेलसॅट’ ही संघटना स्थापन केली आणि एप्रिल १९६५ मध्ये तिचा ‘अर्ली बर्ड’ हा पहिला उपग्रह अटलांटिक महासागरावर गेला. त्याचे वजन अवघे ३९ किलो होते आणि तो २४० दूरध्वनी संभाषणे वाहून नेत असे.

इतक्या हलक्या उपग्रहाला वीज पुरवणार ती सौर घटांची. त्याच्या प्रक्षेपकाची ताकद काही वॅट, म्हणजे घरातल्या रात्रीच्या दिव्याएवढी. तो दिवा ३६ हजार किलोमीटरवर ठेवायचा, त्याचा उजेड पृथ्वीच्या एक तृतीयांश भागावर पसरवायचा आणि त्यातला आपल्या वाट्याचा कवडसा पकडून त्यातून शेकडो माणसांचे बोलणे वेगळे काढायचे. उपग्रह दुबळा असल्यामुळे सारे बळ जमिनीवरच्या केंद्राने लावायचे, हा त्या काळचा न्याय होता. म्हणून डिश ३० मीटरची. म्हणूनच तिच्या मध्यभागी गोळा झालेला संदेश वाढवणारे यंत्रही हेलियमच्या साह्याने उणे अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवलेले असे. यंत्र गरम असले, की त्याच्या स्वतःच्या खरखरीतच संदेश बुडून जातो. इंटेलसॅटने या मापाच्या केंद्रांना ‘स्टँडर्ड ए’ असे नाव दिले होते आणि साठ-सत्तरच्या दशकांत जगभर अशीच केंद्रे उभी राहिली.

आकार मोठा असला, की आणखी एक अडचण येते. डिश जितकी मोठी तितकी तिची नजर अरुंद होते. आर्वीच्या मापाच्या डिशला आकाशाचा जो ठिपका दिसतो, तो चंद्रबिंबाच्या जेमतेम एक तृतीयांश रुंदीचा असतो. शेकडो टनांचे पोलाद घेऊन, पावसा-वाऱ्यात, तेवढ्या ठिपक्यावर नेम धरून राहायचे. त्यातून उपग्रह खिळलेला दिसत असला, तरी तो थोडा थोडा सरकत असतोच. त्यामुळे मोटारींच्या साह्याने डिश सतत बारीक बारीक हलवून त्याचा पाठलाग करावा लागे. आर्वीहून पाहिले तर हिंदी महासागरावरचा इंटेलसॅट उपग्रह नैऋत्येला, बराच उंच असे. त्या एका उपग्रहाच्या नजरेत पश्चिमेस ब्रिटनपासून पूर्वेस जपानच्या पश्चिम टोकापर्यंतचा प्रदेश येत असे. म्हणजे नारायणगावजवळच्या एका शेतशिवारातून एकाच वेळी लंडनशीही बोलता येई आणि जपानशीही.

जागा आडगावात का, याचेही उत्तर यातच आहे. जमिनीवरचे मायक्रोवेव्ह मनोरे आणि शहरातला विजेचा गोंगाट अशा नाजूक कानाला सहन होत नाही. भोवती डोंगरांची ओंजळ असली, की हा गोंगाट आडतो आणि वरचे आकाश मोकळे राहते. उपग्रहाकडून आलेले बोलणे पुढे मायक्रोवेव्हच्या टप्प्याटप्प्याने मुंबईला पोचवता येते. जगात बहुतेक जुनी पृथ्वी केंद्रे खेड्यांत आहेत, ती काही ग्रामविकासाच्या कळवळ्याने नव्हे.

खडकी, दौंड आणि मग आर्वी

पुणे जिल्ह्याने परदेशाशी बोलण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९२७ मध्ये ब्रिटिशांनी ‘बीम वायरलेस’ सेवा सुरू केली, तेव्हा इंग्लंडकडे संदेश पाठवणारे केंद्र खडकीला आणि तिकडून येणारे संदेश टिपणारे केंद्र दौंडला होते. पुढे लघुलहरींवरून मुंबई-लंडन दूरध्वनीही सुरू झाला. पण लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परततात आणि तो थर दिवसरात्र, ऋतूप्रमाणे, सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलतो. परदेशी ट्रंक कॉल म्हणजे आधी नोंदणी, मग तासन् तास प्रतीक्षा आणि शेवटी समुद्राच्या लाटेसारखा येणारा-विरणारा आवाज. स्वातंत्र्याच्या वर्षीच, १ जानेवारी १९४७ पासून ही सेवा सरकारी मालकीच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आली. पण लहरींचा स्वभाव मालक बदलल्याने बदलत नाही.

डॉ. विक्रम साराभाई यांनी या गरजेत एक संधी पाहिली. १९६७ मध्ये अहमदाबादला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने एक प्रायोगिक उपग्रह केंद्र उभे राहिले होते. तिथे तयार झालेले तरुण अभियंते हाताशी होते. आर्वीचे केंद्र परदेशी कंपनीकडून जसेच्या तसे तयार विकत घेण्याचा सोपा मार्ग सरकारपुढे होता. ते काम भारतीय शास्त्रज्ञ-अभियंत्यांकडे सोपवावे, असा आग्रह साराभाईंनी धरला आणि तो मान्य झाला. सर्वच भाग इथे तयार झाले असे नव्हे, काही इलेक्ट्रॉनिक सामग्री आणावीच लागली. परंतु प्रचंड डिश बांधण्याचे काम देशातच झाले. तोवर भारतात एवढ्या मापाची आणि इतक्या अचूक पृष्ठभागाची अँटेना कोणी बनवली नव्हती. देशातील पुढच्या मोठ्या अँटेनांच्या कामाची पाटी इथे गिरवली गेली, असे म्हणायला हरकत नाही. भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या कथेत अग्निबाणांचा धूर आणि ज्वाळा सर्वांना आठवतात. नट-बोल्ट, पोलाद आणि मिलिमीटरच्या हिशेबाची ही कथा मात्र सहसा सांगितली जात नाही.

३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईंचे अकाली निधन झाले. फेब्रुवारी १९७२ मध्ये डाक विभागाने आर्वी केंद्राचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. जुन्नर तालुक्यातल्या एका छोट्या गावाचे नाव अशा रीतीने देशभरच्या पाकिटांवर चिकटून फिरले.

आर्वीचे महत्त्व समजायला १९६९ चा जुलै आठवावा. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवल्याचे दृश्य जगातील कोट्यवधी लोकांनी घरबसल्या पाहिले. भारतात तेव्हा दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती आणि इंटेलसॅटशी जोडणारे व्यापारी केंद्र कुठेच नव्हते. आर्वी सुरू झाल्यावर दूरध्वनी, टेलेक्स, वृत्तसंस्थांचे संदेश आणि प्रसंगी दूरचित्रवाणीची दृश्येही या वाटेने ये-जा करू लागली. १९७६ मध्ये मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय झाली. सत्तरच्या दशकातच डेहराडूनजवळ दुसरे केंद्र उभे राहिले.

या बोलण्याला एक खोड होती. आवाजाला वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. उत्तर यायला आणखी पाव सेकंद. प्रकाशाचा वेगच तेवढा असल्याने याला उपाय नव्हता. परदेशातल्या मुलाशी बोलणाऱ्या आईवडिलांना ती अर्ध्या सेकंदाची शांतता परकी वाटे, मग दोघेही एकदम बोलू लागत आणि दोघेही एकदम थांबत. मिनिटाच्या दराचा मीटर मात्र थांबत नसे.

वर्षातून दोनदा साक्षात सूर्यही आड येई. मार्चच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागून जातो. डिशच्या अरुंद नजरेत सूर्याचा रेडिओ गोंगाट शिरतो आणि काही मिनिटे संदेश बुडतो. केबल टीव्हीच्या प्रेक्षकांना पुढे हाच अनुभव आला. चित्रावर मुंग्या आल्या की केबलवाल्याला फोन जाई, आणि त्या बिचाऱ्याचा त्यात काही दोष नसे.

डिश लहान कशी झाली?

उपग्रह बलवान झाले. त्यांच्यावरचे सौर घट वाढले, प्रक्षेपक ताकदवान झाले, त्यांच्या अँटेना सगळ्या गोलार्धावर उजेड सांडण्याऐवजी एकेका देशावर झोत टाकू लागल्या. वापरातल्या लहरी आखूड झाल्या आणि तेवढ्याच कामाला लहान डिश पुरू लागली. आकाशातला दिवा प्रखर झाला, तसे जमिनीवरचे भांडे लहान झाले. इन्सॅट मालिकेने ऐंशीच्या दशकात हा बदल भारतात आणला. तोवर १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी पोचली होती. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. वारणेला उपग्रहाचा प्रसाद मिळायला त्यानंतर दोन दशके जावी लागली.

आर्वीसारख्या केंद्रांवरचा मोठा घाव मात्र आकाशातून नव्हे, समुद्राच्या तळातून आला. प्रकाशतंतूंच्या सागरी केबल १९९० च्या दशकात मुंबईच्या किनाऱ्याला लागल्या. केबलमधून जाणाऱ्या आवाजाला ७२ हजार किलोमीटरचा वळसा नाही, पावसाची आणि सूर्याची अडचण नाही आणि क्षमता तर तुलनेपलीकडची. आज खंडाखंडांमधली जवळपास सारी माहिती केबलनेच जाते. ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचे १९८६ मध्ये विदेश संचार निगम झाले, त्याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणले आणि २००२ मध्ये निगमाची सूत्रे टाटा समूहाकडे गेली. ज्या कारणासाठी ३० मीटरची डिश बांधली, ते कारणच तोवर मागे पडले होते.

वारणेच्या छोट्या डिशलाही नशिबाने सोडले नाही. अभ्यासकांनी पुढे पाहणी केली, तेव्हा असे दिसले की बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी योजना अशा भव्य हेतूंपेक्षा गावातली संगणक केंद्रे मुख्यतः एकाच कामाला येत होती. ते काम म्हणजे ऊसनोंदणी, वजन, खत आणि बिल. हे अपयश मानायचे का? शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर नाही. त्याला जगाची माहिती हवीच होती, पण त्याआधी स्वतःच्या उसाचा हिशेब हवा होता आणि तो घराजवळ मिळू लागला होता. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या चमूने वारणेतील सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम करून पाहिले. प्रयोगाचे नाव ठेवले ‘वारणा अनवायर्ड’. देखभालीचा खर्च घटला आणि शेतकऱ्यांनाही ते रुचले. दिल्लीहून वाजतगाजत आलेली ‘वायर’ नऊ वर्षांत खिशातल्या फोनने सोडवली.

जुन्या केंद्रांचे काय करायचे?

काम संपलेल्या यंत्राचे भंगार होते, हा व्यवहाराचा नियम. काही देशांनी या केंद्रांपुरता तो मोडला. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील गूनहिली येथील १९६२ ची डिश जुलै १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहामार्फत अटलांटिकपलीकडची पहिली थेट दृश्ये टिपण्यात सहभागी होती. ती २००३ पासून संरक्षित वास्तू आहे. फ्रान्समध्ये प्लमर-बोदू येथील पांढऱ्या घुमटाखालचा प्रचंड कर्णा जपला गेला आहे आणि शेजारी संग्रहालय आहे. जर्मनीतील रायस्टिंग येथील घुमटालाही स्मारकाचा दर्जा आहे.

त्याहून अर्थपूर्ण वाट काढली ती न्यूझीलंड, जपान आणि घाना यांनी. दळणवळणासाठी निकामी झालेल्या ३०-३२ मीटरच्या डिश म्हणजे आयत्या रेडिओ दुर्बिणी. नाजूक कान, अचूक पृष्ठभाग, आकाशाचा पाठलाग करणारी मोटार हे सारे तयारच. जपानच्या यामागुचीत, न्यूझीलंडच्या वॉर्कवर्थला आणि घानातील कुंटुन्से येथे उपग्रहांचे बोलणे ऐकणाऱ्या डिश पुढे ताऱ्यांचे बोलणे ऐकू लागल्या. नवी दुर्बीण बांधण्याच्या खर्चाच्या अल्प अंशात हे साधले.

आर्वीचे शेजारपण या दृष्टीने बोलके आहे. त्याच नारायणगाव परिसरात खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. निवडीचे एक कारण पुन्हा तेच, रेडिओ गोंगाटापासून दूर असलेली शांत जागा. या दुर्बिणीला २०२० मध्ये विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या जागतिक संस्थेने ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला. भारतीय अभियंत्यांनी मोठी डिश प्रथम जिथे बांधून दाखवली, ते आर्वीही त्याच पंक्तीला बसण्याच्या योग्यतेचे आहे. शिवनेरीला येणाऱ्या हजारो पर्यटकांना हे सांगणारा साधा फलकही पुष्कळ काम करील.

या परिसराची सहल आखायची झाल्यास वारणानगरहून कोल्हापूर-पुणे महामार्गाने पुणे गाठावे आणि तिथून नाशिक रस्त्याने नारायणगाव. पुण्यापासून हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे. दूरसंचार केंद्र हे पर्यटनस्थळ नसते, त्यामुळे आर्वीच्या आवारात जायचे तर आधी लेखी परवानगी मागावी. खोडदची दुर्बीण दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वांसाठी खुली असते आणि शाळांची तिथे मोठी गर्दी होते. मोबाइल मात्र बंद ठेवावा लागतो. आकाशगंगेच्या पलीकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो, की दुर्बिणीच्या शेजारी वाजलेला एक फोन तो सहज बुडवतो.